किरणोपचारात गाठ मारतं कोण: लायसोसोम की डीएनए?

पेशीवेडा: १९५५ साली शास्त्रज्ञ द दुव यांनी लायसोसोमला, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशव्यांना, नाव दिलं. शाळेत आपण त्यांना ‘आत्मघाती पिशव्या’ म्हणून पाठ केलं. माझं मत असं की शेक (किरणोपचार) दिल्यावर या पिशव्या फाटतात, आतली कॅथेप्सिन, अ‍ॅसिड फॉस्फेटेज ही एन्झाइमं सांडतात आणि गाठीतली पेशी स्वतःलाच पचवते. एमएस्सीला उंदराच्या गाठीचे काप गोमोरीच्या पद्धतीने रंगवले होते, म्हणजे अ‍ॅसिड फॉस्फेटेज असेल तिथे काळा रंग. आधी शिशाचा क्षार, मग अमोनियम सल्फाइड (तो वास अजून नाकात आहे). साध्या गाठीत काळपट ठिपके सुटे सुटे, शेक दिलेल्या गाठीत रंग सगळीकडे फासल्यासारखा. तरी किरणांनी केंद्रकातला डीएनए तुटतो म्हणून पेशी मरते, असा जो तो डीएनएचाच जप करतो!

निवांत: असहमत. शेकानंतर किती दिवसांनी कापली होती गाठ?

पेशीवेडा: तीन.

निवांत: मग झालंच की! तोवर मेलेल्या पेशी उचलायला मॅक्रोफेज (सफाई करणाऱ्या पेशी) हजर, आणि त्यांच्यात लायसोसोम खच्चून भरलेले. छातीतल्या थायमस ग्रंथीचंही तेच. किरणांनी तिथल्या लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशी) मरतात, म्हणून दर ग्रॅममागे ही एन्झाइमं वाढलेली दिसतात. भाडेकरू गेले, सफाईवाले उरले. आपण म्हणतो, इमारतीत झाडू वाढले. शिवाय संशोधक मन्रो यांचा १९७० चा प्रयोग बघा. किरणोत्सर्गी पोलोनियम लावलेल्या सुईने अल्फा कण नुसत्या पेशीद्रवात सोडले, तर पेशींनी मोठी मात्राही सोसली. केंद्रकाला मात्र थोडक्यात खेळ खलास. लायसोसोम कुठे असतात? पेशीद्रवात.

हळदकुंकू: गळती अगदीच खोटी नाही हो. लायसोसोममध्ये लोह साठतं. किरणांमुळे तयार झालेलं हायड्रोजन पेरॉक्साइड त्याला भेटलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल बनतात आणि आवरण आतून कुरतडतात. पण तीच पिशवी गाठीला जगवतेही. मोडके भाग पचवून पेशी दिवस काढते. म्हणून तर ग्लायोब्लास्टोमात (मेंदूच्या कर्करोगात) किरण आणि टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाच्या जोडीला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध देऊन हे पचन बंद पाडून पाहिलं. आयुष्य लक्षणीय वाढलं नाही.

निवांत: बघा!

पेशीवेडा: काय बघा? औषधाची मात्रा पुरेशी चढवता आली नाही, हेही कारण असू शकतं. झाडूचं पटलं मात्र. लॅबमधल्या पोरांना सांगतो, पुढची गाठ सहा तासांतच कापा आणि शेजारच्या कापात मॅक्रोफेज वेगळे रंगवा.