मदत हवी आहे : लाइट गेल्यापासून ट्रूनासमधला पूल दिसेना, लग्नांचे फोटो आत अडकलेत

परभणीचा_फोटोवाला
काल रात्री आमच्या गल्लीतली डीपी उडाली. सकाळी लाइट आल्यावर मशीन चालू केली तर ट्रूनासमध्ये (फाइली साठवायची सिस्टिम) पूल (सगळ्या डिस्क मिळून केलेला एक साठा) ऑफलाइन दाखवायलंय. आठ लग्नांचे फोटो त्यात आहेत, दोन अल्बम सोमवारी छपाईला द्यायचेत. ट्रूनास प्रॉक्समॉक्सवर (एका मशीनमध्ये अनेक आभासी मशीन चालवायचं सॉफ्टवेअर) व्हीएममध्ये, म्हणजे आभासी मशीनमध्ये आहे, आठ महिन्यांत एकदाही त्रास झाला नाही. पूल परत कसा आणायचा तेवढं लवकर सांगा. नवीन पूल बनवायचं बटण दिसायलंय, दाबू का?

गोदाकाठ
अजिबात दाबू नका! त्या बटणाने डिस्क पुसल्या जातात. आधी हे सांगा : डिस्क किती, मिरर (प्रत्येक डिस्कवर तोच डेटा) आहे का रेडझेड (डिस्क गेली तरी डेटा वाचेल अशी वाटणी), आणि व्हीएमला त्या कशा दिल्यात?

परभणीचा_फोटोवाला
4 टीबीच्या आहेत. रेडझेड-1.

गोदाकाठ
किती? आणि कशा दिल्यात?

औंढ्याचा
नास (नेटवर्कवरून वापरायची साठवण) व्हीएममध्ये ठेवायचीच नसते. झेडएफएसला (ट्रूनास डेटा ज्या पद्धतीने ठेवतं ती फाइल सिस्टिम) डिस्क थेट हातात लागते, मधे दुसरा थर आला की असं होणारच. दोन डिस्कची तयार नास घ्या, डबा उघडा, वायर लावा, झालं. माझी तशीच आहे, काही बघावं लागत नाही.

मांजरातीर
@औंढ्याचा, सरसकट असं म्हणू नका. लातूरला माझ्या घरी चार वर्षं ट्रूनास व्हीएममध्येच चालतंय. फक्त डिस्क जोडायचं एलएसआयचं 9211-8आय कार्ड आयटी मोडमध्ये (कार्ड मधे न पडता डिस्क जशीच्या तशी दाखवतं) करून अख्खं कार्ड व्हीएमला दिलंय. बायोसमध्ये व्हीटी-डी (कार्ड थेट व्हीएमला द्यायची सोय) चालू केलं, व्हीएमची रॅम बलूनिंग (रॅम आपोआप कमी-जास्त होणं) बंद करून ठरावीक ठेवली. मग ट्रूनासला डिस्क खरीखुरी दिसते, स्मार्टसुद्धा (डिस्कच्या तब्येतीची माहिती) आतूनच वाचता येतं. फोटोवाले दादा, तुम्ही पण कार्डच घ्या.

औंढ्याचा
ताई, ते कार्ड सर्व्हरच्या जोरदार हवेत चालायला बनवलेलं. मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच 43 असतं, साध्या कॅबिनेटमध्ये त्याचा हीटसिंक हात लावू देत नाही.

मांजरातीर
म्हणूनच त्यावर 40 मिमीचा छोटा फॅन झिपटायने बांधलाय. चार उन्हाळे काढलेत त्याने.

गोदाकाठ
कार्डाचं नंतर बघू. त्यांचे फोटो अडकलेत. @परभणीचा_फोटोवाला, ट्रूनासच्या डिस्कच्या पानावर काय काय दिसतंय?

परभणीचा_फोटोवाला
एक 4 टीबीची आणि दोन अनयूज्ड : त्यातली एक 1 टीबी, एक 2 टीबी. म्हणून तर विचारलं की ह्या दोन रिकाम्या आहेत तर नवीन पूल करू का. माझ्या 4 टीबीच्या दोन डिस्क उडाल्या वाटतं डीपीबरोबर.

गोदाकाठ
तुमच्याकडे 1 आणि 2 टीबीच्या डिस्क आहेत का घरात?

परभणीचा_फोटोवाला
गिऱ्हाइकांच्या यूएसबी डिस्क आहेत. परवा फोटो भरायला लावल्या होत्या, त्या तशाच मशीनला राहिल्यात. त्यांचा काय संबंध?

गोदाकाठ
सगळा संबंध त्यांचाच आहे. तुम्ही व्हीएमला डिस्क एसडीए, एसडीबी, एसडीसी अशा नावाने दिल्या असणार. ती नावं डिस्कची नसतात, बूट होताना जी डिस्क आधी सापडेल तिला ते अक्षर मिळतं. आठ महिने मशीन बंदच झाली नाही म्हणून क्रम टिकला. आज यूएसबीवाल्यांनी दोन अक्षरं घेतली आणि ट्रूनासच्या हातात गिऱ्हाइकांच्या डिस्क गेल्या. बटण दाबलं असतं तर दुसऱ्यांचा डेटा पुसला गेला असता.

होस्टच्या (ज्यावर प्रॉक्समॉक्स आहे त्या मूळ मशीनच्या) शेलमध्ये झेडपूल इम्पोर्ट एवढंच टाका, पुढे पूलचं नाव नको. नुसत्या त्या कमांडने काही इम्पोर्ट होत नाही, फक्त यादी येते.

परभणीचा_फोटोवाला
हो, एसडीएच दिलं होतं, एका व्हिडिओत तसंच होतं. यादीत माझा पूल आला! तिन्ही डिस्क ऑनलाइन लिहिलंय!! खाली लिहिलंय की दुसऱ्या सिस्टिमने वापरलेला आहे.

जालनेकर_सुपारीवाला
मग होस्टवरच मायनस एफ (जबरदस्तीने) लावून इम्पोर्ट करा ना, फोटो लगेच हातात.

मांजरातीर
नाही! व्हीएम चालू असताना अजिबात नाही. एकच पूल दोन ठिकाणी उघडला तर दोघं आपापलं लिहीत बसतात आणि पूल कायमचा खराब होतो. झेडएफएस तसं वापरायला बनवलेलंच नाही. तो इशारा त्याचसाठी येतो, मायनस एफने तो दाबला जातो.

गोदाकाठ
ताईंचं शंभर टक्के बरोबर. आता हे करा :

व्हीएम बंद. दोन्ही यूएसबी काढा. मग डेव्ह, डिस्क, बाय-आयडी ह्या फोल्डरात बघा, तिथे एटीए पासून सुरू होणारी नावं असतील, मागे डिस्कचा सिरियल नंबर. 'पार्ट' लागलेली सोडा. क्यूएम सेटने (व्हीएमची सेटिंग बदलायची प्रॉक्समॉक्सची कमांड) जुन्या तिन्ही जागी ती पूर्ण नावं द्या, प्रत्येकीला शेवटी सिरियल पण द्या, नाहीतर ट्रूनासला तिघी सारख्याच दिसतात. मग व्हीएम चालू.

तीनपैकी एकच डिस्क मिळाली म्हणून पूल उघडलाच नाही, म्हणजे काही लिहिलंही गेलं नाही. हे तुमचं नशीब. दोन मिळाल्या असत्या तर डिग्रेड होऊन (एक डिस्क कमी असतानाच) उघडला असता.

सेलूची_सून
फोटो टीव्हीवर बघायचे असतील तर जेलीफिन टाका दादा, सासूबाईंना आम्ही लग्नाचा अल्बम त्यातच दाखवतो.

औंढ्याचा
आणि बॅकअप? रेडझेड म्हणजे बॅकअप नाही. फोटोवाल्यांकडे दुसरी प्रत नाही हे वाचून मलाच घाम फुटला.

परभणीचा_फोटोवाला
आला! पूल आला! नवरीच्या हळदीचा फोल्डर उघडून पाहिला, पहिला फोटो ते शेवटचा, सगळे उघडले. गोदाकाठ दादा, मांजरातीर ताई, तुमचे उपकार कसे फेडू.
आता स्क्रब (पूलमधला सगळा डेटा वाचून तपासणं) लावलाय. आणि खिळखिळ्या इन्व्हर्टरवर मशीन ठेवणं बंद, यूपीएस आणतो.

गोदाकाठ
यूपीएसची यूएसबी वायर प्रॉक्समॉक्सच्या होस्टला जोडा, व्हीएमला नाही. होस्टवर नट (यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) टाकलं की बॅटरी कमी झाली की तो आधी व्हीएम नीट बंद करतो, मग स्वतः.

मांजरातीर
तुमचं प्रॉक्समॉक्स वेगळ्या एनव्हीएमई एसएसडीवर असेल तर कार्ड न घेता मदरबोर्डचा साटा कंट्रोलरच (ज्याला ह्या डिस्क जोडल्यात तो भाग) व्हीएमला देता येतो का बघा. त्याचा आयओएमएमयू गट (व्हीएमला एकत्रच द्यावे लागणारे भाग) वेगळा निघाला पाहिजे.

परभणीचा_फोटोवाला
स्क्रब सहा तासांनी संपला, शून्य एरर. दोन्ही अल्बम आधी वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतले. प्रत्येक डिस्कच्या कडेला सिरियलचे शेवटचे चार अंक मार्करने लिहिले, आणि गिऱ्हाइकांच्या डिस्क आजच पोचत्या केल्या.
एनव्हीएमईवरच आहे ताई. आयओएमएमयू गट कुठे बघायचा?