पल्परचं प्लास्टिक बॉयलरला चालेल का? लॅब म्हणते ५२०० जीसीव्ही

पल्परवाला: आमची रद्दीपासून क्राफ्ट पेपर बनवायची छोटी मिल आहे. पल्परमधून (रद्दी पाण्यात घुसळून लगदा करणारं यंत्र) रोज पिशव्या, टेप, स्टेपलच्या पिना असला चोथा निघतो, ढीग साचलाय नुसता. सॅम्पल लॅबला दिलं तर जीसीव्ही, म्हणजे जळून मिळणारी एकूण उष्णता, किलोमागे ५२०० किलोकॅलरी आली, म्हणजे आमच्या कोळशापेक्षा भारी! मालक म्हणतायत भुशात मिसळून टाका. टाकू का?

बॉयलरदादा: थांबा जरा. ५२०० हा आकडा कुठल्या बेसिसवर आहे ते बघा आधी, बहुतेक ड्राय बेसिस असणार, म्हणजे पूर्ण वाळवलेल्या मालावर. तुमचा माल ओला, समजा ४५ टक्के पाणी, मग ५२०० गुणिले ०.५५ म्हणजे राहिले २८६०, त्यात ते पाणी उडवायला पाण्याच्या दर किलोमागे ५८०-५८५ किलोकॅलरी जाते आणि हायड्रोजन जळून होणारं पाणी वेगळंच, हातात येतात साधारण २४००. बगॅसच्या (उसाचा चोथा) वर, बस. प्रेस मारून पाणी काढलं तर गणित बदलेल.

राखवाला: कॅलरी सोडा हो, क्लोरीन किती आलं? पीव्हीसीत वजनाच्या ५७ टक्के क्लोरीनच असतं, रद्दीत ते थोडं जरी आलं तरी सुपरहीटरच्या (वाफ आणखी तापवणारा भाग) ट्यूबा खाते, धूर बरोबर जळला नाही तर डायॉक्सिन हा विषारी वायू वेगळा. पिना भट्टीच्या तळाच्या बेडमध्ये साचणार, प्लास्टिक वितळून फीडर जाम होणार, ते तर रोजचंच. आणि प्रदूषण नियंत्रण बोर्डाच्या कन्सेंटमध्ये (परवानगीत) हे इंधन लिहिलेलं नसेल तर जाळूच नका. भट्टीच हवी तर सिमेंटची, तिथे क्लिंकर (सिमेंटचा कच्चा गोळा) १४५० डिग्रीला बनतं आणि राखही त्यातच जिरते. पण तेही क्लोरीन १ टक्क्याच्या आत मागतात आणि माल तुकडे करून, वाळवून लागतो.

बॉयलरदादा: हो, क्लोरीनचं बरोबर आहे, माझ्याकडून राहिलंच. अजून एक, सॅम्पल कसं घेतलंत? वरवरची मूठभर पिशवी दिली असेल तर रिपोर्ट फुकट. आठवडाभर रोजचा माल घ्या, ढीग करून चार भाग, समोरासमोरचे दोन ठेवा, परत तेच. ओलावा मात्र त्याच दिवशी मोजा, आणि पिशवीचं तोंड घट्ट बांधा.

पल्परवाला: रिपोर्ट काढून बघितला, खाली बारीक अक्षरात ड्राय बेसिसच लिहिलंय 🙈 क्लोरीन केलेलंच नाही. आणि सॅम्पल मी ढिगाच्या वरून उचललं होतं, तेही उन्हात वाळलेलं. मालकांना काय सांगू आता