कीर्तनाला उभं राहायला आळंदीचं सर्टिफिकेट लागतंय काय?

टाळकरी_खानापूर
काल गावच्या ग्रुपवर एकानं टाकलं, "यंदा सप्ताहाला आळंदीत शिकून आलेलाच कीर्तनकार आणायचा, गावातल्या अडाण्यांची बडबड बास झाली." रात्रभर डोक्यातनं जाईना म्हणून लिहितोय. आमच्या बाबांना वाचता येत नव्हतं. हरिपाठ, काकडा, गाथेतले कितीतरी अभंग, सगळं कानानं घेतलेलं. पारायणाला बसले की शेजारच्यानं पान उलटलं की हे पण उलटायचे, नि बोट ओळीवरनं फिरवत राहायचे. एकदा सहाव्या दिवशी वाचणाऱ्याची एक ओवी गळाली तर मंडपात सगळ्यात आधी बाबांचं बोट थांबलं नि मान वर झाली. माळ घालायची, एकादशी धरायची, वारी चुकवायची नाही, एवढंच विचारतात आपल्यात. दाखला कुणी कुणाला मागितलाय आजवर?

निपाणीकर
वडिलांना नमस्कार. पण पाठ असणं वेगळं नि नारदाच्या गादीवर उभं राहून गावाला अर्थ सांगणं वेगळं. आमच्याकडं एकजण दोन तास सासू-सुनेचे विनोद सांगून गेला, अभंगाचा एक चरण धड सोडवला नाही नि पाकीट घेऊन गाडीत बसला. जोग महाराजांनी 1917 ला आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली ती काय हौस म्हणून? माझा भाचा चार वर्षं तिथं होता, माधुकरी मागून शिकलाय. त्याच्या कष्टाला तुम्ही सर्टिफिकेट म्हणून हिणवू नका.

टाळकरी_खानापूर
भाच्याला हिणवलो नाही मी. पण विनोद सांगून पाकीट नेणाऱ्यांत शिकलेले नसतात काय? छातीवर हात ठेवून सांगा.

येळ्ळूरची_लेक
शिकलेला की अडाणी यावर भांडताय, पण बाईला कीर्तनाला बोलवायचं म्हटलं की दोन्हीकडची मंडळी गप्प बसतात. जनाबाई, सोयराबाई, बहिणाबाईंचे अभंग चालतात. मी एम.ए. मराठी आहे, मला वीस वर्षं फक्त रांगोळीला नि प्रसादाला बोलावतात.

वीणेकरी
विषय सोडून बोलतोय, पण तुम्ही कीर्तनकाराचं धरून बसलाय, इथं ऐकणाऱ्या पोरांनाच वाचता येईना झालंय. माझी नात कन्नड शाळेत जाते. हरिपाठ कन्नड अक्षरात लिहून घेते. परवा विचारते, आजोबा, एकादशीतला ए ऱ्हस्व लिहू की दीर्घ? मराठीत एकच ए, मी काय सांगणार!

निपाणीकर
कन्नड अक्षरात हरिपाठ?? 1956 पासनं सीमालढ्यात लाठ्या कशाला खाल्ल्या मग आमच्या लोकांनी? 1 नोव्हेंबरला काळा दिवस पाळायचा नि घरात हे?

वीणेकरी
लाठ्या मी पण खाल्ल्यात, मला शिकवू नका. गावची मराठी शाळा पटसंख्येअभावी बंद पडली तेव्हा तुमचा भाचा आला नव्हता शिकवायला. पोरगी हरिपाठ म्हणतेय ते महत्त्वाचं की कुठल्या अक्षरात लिहितेय ते?

निपाणीकर
अक्षर गेलं की ज्ञानेश्वरी गेली. नऊ हजार ओव्या काय नात कन्नडात उतरवून घेणार?

विजापूरचा_नेमकरी
मी इंचगेरी संप्रदायातला, घरात कन्नड. आमच्यात दासबोध मराठीतच वाचतात, कन्नड माणसंसुद्धा. गुरुदेव रानडे जमखंडीचे, तत्त्वज्ञानाचे प्रोफेसर, अलाहाबादला कुलगुरू झाले, शेवटी निंबाळला नेमालाच, म्हणजे नामस्मरणाला, बसले. त्यांचे गुरू उमदीचे भाऊसाहेब महाराज काही प्रोफेसर नव्हते. शिकलेल्यानं न शिकलेल्याच्या पायाशी बसायचं, हे आमच्याकडं नवीन नाही.

निपाणीकर
बरं, हे मान्य. रानड्यांचं नाव काढल्यावर मी काय बोलणार. पण सगळे भाऊसाहेब महाराज नसतात, मंडपात उभं राहणाऱ्याचा अभ्यास पाहिजेच.

टाळकरी_खानापूर
अभ्यास पाहिजे, ते मी पण म्हणतो. घ्या, सात दिवसांत तीन दिवस शिकलेले आणू. शेवटच्या दिवशीचं काल्याचं कीर्तन मात्र गावच्याच माणसाचं, त्यात मी सोडणार नाही. नि येळ्ळूरच्या ताई, तुमचं नाव मी बैठकीत घालतो, बघू कोण नको म्हणतंय.

येळ्ळूरची_लेक
नाव आधी घाला, मग बोलू. वीणेकरी काका, रविवारी देवळात मी बालबोध अक्षरं शिकवायला बसते, नातीला पाठवा.

वीणेकरी
पाठवतो. ती कन्नडची वही घेऊन येईल, तेवढी तिला फाडायला लावू नका.