मदत हवी आहे: कोकणकड्यावर सूर्यास्त ते आकाशगंगा, एकाच टाइमलॅप्समध्ये

नमस्कार मंडळी,

सर्वपित्रीच्या सुमारास पाचनईवरून हरिश्चंद्रगडावर जायचा बेत आहे. चंद्राची अडचण नाही. सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो, साडेसातला पुरता अंधार पडतो आणि तेव्हा धनू राशीकडचा आकाशगंगेचा दाट पट्टा नैऋत्येला चांगला वर असतो. दहाच्या सुमारास तो मावळतीला टेकतो. कडा पश्चिमेला उघडा, त्यामुळे दोन्ही एका चौकटीत बसावेत. (ढगांनी कृपा केली तर!)

घोडं अडलंय इंटरव्हलवर, म्हणजे एका फोटोपासून पुढच्या फोटोपर्यंतच्या वेळेवर. दरीतून चढणारे ढग दर ५ सेकंदांना फोटो घेतला तरच लोण्यासारखे सरकतात. ताऱ्यांना एक्स्पोजरच २० सेकंदांचं लागतं (क्रॉप म्हणजे लहान सेन्सर, १६ मिमी लेन्स, ॲपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र एफ २.८), म्हणजे इंटरव्हल २५ सेकंद. सहापासून साडेनऊपर्यंत २५च ठेवला तर ५०० फोटो, म्हणजे सेकंदाला २५ फोटोंच्या वेगाने २० सेकंदांची क्लिप. लांबी पुरे, पण ढग टणाटण उड्या मारणार. मधेच बदलला तर सांधा दिसतो का?

शिवाय गेल्या वर्षीचा पराक्रम. ॲपर्चर प्रायॉरिटीवर (छिद्र आपण ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो) कॅमेरा लावून पिठलं-भाकरी खायला गेलो. परत येतो तर लेन्सवर दव, आठनंतरचे सगळे फोटो धुरकट. आधीचे लुकलुकत होते (दर फोटोला उजेड कमीजास्त) ते वेगळंच. वाऱ्यात ट्रायपॉड हलू नये म्हणून सॅक लटकवली, तर तीच झोके घेत बसली.

प्रतिसाद १
इंटरव्हल बदलाच, पण सूर्य बुडाल्यावर टप्प्याटप्प्याने: ५, १२, मग २५. वेग वाढलेला दिसतोच, म्हणून जोडताना तिथे डिझॉल्व्ह द्या (एक दृश्य विरत दुसरं उमटतं). लुकलुक ॲपर्चरच्या पात्यांमुळे असू शकते. दर फोटोला ती अगदी त्याच जागी मिटत नाहीत. पहिल्यापासून एफ २.८ वरच राहा, उजेडात शटर वेगवान ठेवा. मॅन्युअल, रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल), आणि एक्स्पोजर एकतृतीयांश स्टॉपने वाढवत न्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). पायऱ्या नंतर सॉफ्टवेअरमध्ये गुळगुळीत होतात.

प्रतिसाद २
दवावर माझा उपाय: जुन्या मोज्याचा तुकडा लेन्सभोवती, आत हँड वॉर्मर. दव पडायच्या आधीच लावा, नंतर पुसताना कॅमेरा हलतो. सॅक लटकवा, पण बूड जमिनीला टेकू द्या.

धागाकर्ता
बूड टेकवायचं सुचलंच नव्हतं! एकच शंका: २.८ वर फोकस सूर्यास्ताला लावून ठेवला तर ताऱ्यांना चालेल, की अंधारात पुन्हा लावायचा?

प्रतिसाद १
उजेडातच लांबच्या डोंगरावर लावा, मॅन्युअलवर टाका, रिंगवर चिकटपट्टी मारा. आणि भाकरी कॅमेऱ्यापाशीच मागवा.