भरती-ओहोटीचा मुद्दा राहिला
ग्रीसमध्ये शिडाची नौका शिकायची तर नवशिक्यांनी सायक्लेडीज बेटांऐवजी अथेन्सजवळचे सारोनिक आखात निवडावे, असे इथे एकाने सुचवले आहे; ते मला मान्य आहे. उन्हाळ्यातला मेल्तेमी हा जोरदार उत्तरी वारा तिथे बराच सौम्य असतो. मात्र नौकेवरच राहून तिथली एजिना, पोरोस, इद्रा ही बेटे केल्यावर ‘सगळे येते’, हे त्यांचे म्हणणे पटत नाही. धक्क्यापासून दूर नांगर टाकून, साखळी सोडत नौका मागे घेऊन पिछाडी धक्क्याला बांधणे तिथे चांगले घोटले जाते (इद्राच्या चिंचोळ्या बंदरात एकमेकांच्या साखळ्या सोडवण्याचे शिक्षण वेगळे), परंतु त्या समुद्रात भरती-ओहोटी जवळजवळ नसल्याने तिचे गणित राहूनच जाते. म्हणूनच ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनच्या ‘डे स्किपर’ (दिवसा स्वतः छोटी नौका चालवण्याच्या) प्रमाणपत्रावर प्रशिक्षण भरतीच्या पाण्यात झाले की बिनभरतीच्या, याची नोंद असते. उधाणाला पाणी चारेक मीटर चढते-उतरते अशा मुंबईत पुढे नौका चालवायची असल्यास ती नोंद प्रवेश घेण्यापूर्वीच विचारून घ्यावी.