क्लब हॉलमधला रेकॉर्ड प्लेअर: आर्मची लिव्हर, लिफ्टर आणि सुईची सफाई

वैद्य, बी-४०३: नमस्कार मंडळी. क्लब हॉलमधल्या रेकॉर्ड प्लेअरबद्दल विचारायचं आहे. आर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, खाली सोडायची लिव्हर आता धरत नाही. सोडली की सुई धपकन तबकडीवर पडते. शिवाय बाजू संपली तरी कुणी उठेपर्यंत सुई आतल्या चरात फिरतच राहते. बाजू संपल्यावर आर्म आपोआप उचलणारा लिफ्टर मिळतो म्हणे. सांस्कृतिक खात्यातून तोच मागवू का?

तांबे, ए-५०४: वहिनी, मागवायला हरकत नाही, पण आधी लिव्हर दुरुस्त करा. ही दोन वेगळी कामं आहेत. लिफ्टर फक्त बाजू संपल्यावर उचलतो. सुरुवातीला सुई खाली टेकवण्याचं काम लिव्हरचंच. हॉलमध्ये बसणाऱ्या बहुतेकांची साठी उलटलेली, हात थरथरतात. हाताने सुई टेकवायला लागली तर पहिला आघात तबकडीच्या काठावर आणि दुसरा सुईच्या दांडीवर, म्हणजे टोकाचा हिरा धरणाऱ्या बारीक काडीवर.

वैद्य, बी-४०३: लिव्हर दुरुस्त होते का? की पूर्ण आर्मच बदलायचा?

दिघे, सी-१०१: आर्म बदलायची काही गरज नाही. लिव्हरखाली एक छोटी नळी आणि तिच्यात दट्ट्या असतो. दोघांच्या मधल्या फटीत अतिशय घट्ट सिलिकॉन तेल असतं, त्याच्या रोधामुळे आर्म सावकाश उतरतो. हे तेल वाळत नाही, पण वर्षानुवर्षं हळूहळू सरकत फटीतून बाहेर येतं. तेल गेलं की आर्म पडतो.

लागणारं तेल ३ लाख ते ५ लाख सेंटिस्टोकचं (हे घट्टपणाचं माप). पाण्याचा आकडा साधारण १ आहे, यावरून घट्टपणा लक्षात येईल. शिलाई मशीनचं तेल, गंज सोडवायचा स्प्रे, व्हॅसलीन यांतलं काहीही घालू नका. पातळ तेल उरलंसुरलं सिलिकॉनही पुसून नेतं, आणि ग्रीस थंडीत आवळतं, मग लिव्हर अडकते. रिमोटवर पळणाऱ्या शर्यतीच्या खेळण्यातल्या गाड्यांच्या डिफरन्शियलमध्ये हेच सिलिकॉन तेल घालतात. ५ लाखांची छोटी बाटली ऑनलाइन मिळते आणि ती जन्मभर पुरते.

कुलकर्णी, ए-३०१: काका, पायऱ्या लिहा ना. रविवारी मी आणि तांबे बसतो.

दिघे, सी-१०१: लिहितो. प्लेअरचा प्लग काढा. सुईवर गार्ड लावा, हेडशेल (आर्मचं सुईकडचं टोक) निघत असेल तर काढूनच ठेवा. आर्म त्याच्या स्टँडला क्लिपने अडकवा. आर्मखालची जी वाकडी पट्टी वरखाली होते तिच्या बुडाशी बारीक स्क्रू असतो, बहुधा १.५ मिमीचा ॲलन पाना लागतो. काहींना साधा बारीक पेचकस चालतो. तो सैल केला की पट्टी दट्ट्यासकट वर निघते. आत स्प्रिंग असते, म्हणून ओढताना वर तळहात धरा, नाहीतर ती उडून सोफ्याखाली जाईल.

जुनं तेल सुती कापडाने पुसा, नळी आतून कापडाच्या वळीने. आता दट्ट्याला नवीन तेलाचा फक्त पातळ थर द्या, काडेपेटीच्या काडीच्या गुलाइतकं पुरे. इथेच बहुतेकांचं चुकतं. नळी भरली तर आर्म उतरायला पंधरा सेकंद लावतो आणि जास्तीचं तेल वर येऊन पट्टीच्या रबरावर जातं. जोडून झालं की लिव्हर दहा-बारा वेळा वरखाली करा आणि रात्रभर तशीच ठेवा, म्हणजे तेल सारखं पसरतं. लिव्हर सोडल्यापासून सुई टेकेपर्यंत २ ते ३ सेकंद लागले की काम झालं.

वैद्य, बी-४०३: छान. आणि उंची? मागच्या वेळी कुणीतरी तो स्क्रू फिरवला होता.

दिघे, सी-१०१: उंची फार महत्त्वाची. सुई तबकडीवर आणि लिव्हर खाली असताना पट्टी आणि आर्मची नळी यांच्यात १ ते २ मिमी फट दिसलीच पाहिजे. फट नसेल तर आर्म पट्टीवर टेकतो, सुईवर पूर्ण वजन येत नाही, आणि थोडी वाकलेली तबकडी असली की सुई उड्या मारते. मग लोक आर्मच्या मागच्या काउंटरवेटने भार वाढवत बसतात, तो चुकीचा इलाज. उलट बाजूने, लिव्हर वर केली की सुई तबकडीपासून पुरेशी वर हवी. टेक्निक्सच्या एसएल-१२०० प्लेअरच्या पुस्तिकेत हे अंतर ८ ते १३ मिमी दिलं आहे, तोच अंदाज इथे धरा.

तांबे, ए-५०४: एक भर घालतो. लिव्हरने उचलून परत तिथेच सोडलं तरी सुई थोडी बाहेरच्या बाजूला सरकून टेकते, जो आलाप ऐकला तोच पुन्हा सुरू होतो. कारण अँटिस्केटिंग. चरातलं घर्षण आर्मला आत ओढतं म्हणून ते त्याला बाहेर ओढत असतं. सुई हवेत गेली की आतली ओढ संपते, बाहेरची राहते. पट्टीवरचं रबर गुळगुळीत किंवा तेलकट झालं असेल तर आर्म घसरतो. रबर साबणाच्या पाण्याने पुसून कोरडं केलं की बहुतेक वेळा एवढ्यावरच भागतं.

करमरकर, ए-२०२: उत्तम चर्चा. आता लिफ्टरचं बोला. शेवटच्या चरात सुई फिरत राहिली तर खरंच इतकं नुकसान होतं का? तिथे आवाज तर नसतो.

तांबे, ए-५०४: काका, हिशोबच मांडतो. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे तासाला २,००० फेरे. शेवटच्या बंद चराचा व्यास साधारण १०६ मिमी, एका फेऱ्यात सुमारे ३३ सेंमी. तासाभरात सुई ६६० मीटरच्या वर घासली जाते. वीस मिनिटांची एक पूर्ण बाजू वाजताना ती साधारण ४३० मीटर जाते. म्हणजे तासभर विसरलं तर दीड बाजूची झीज, आणि ऐकलं काहीच नाही. आपल्या कार्ट्रिजची (सुई बसते त्या डबीची) सुई एलिप्टिकल, म्हणजे लंबगोल टोकाची, आहे. ऑडिओ-टेक्निका कंपनी अशा सुईला ३०० तास देते, कोनिकलला, म्हणजे गोल टोकाच्या सुईला, ५००. शास्त्रीय संगीताची बाजू संपेपर्यंत अर्धा हॉल डोळे मिटून असतो, त्यामुळे लिफ्टर इथे चैनीची वस्तू नाही.

करमरकर, ए-२०२: पटलं. कोणता घ्यायचा?

तांबे, ए-५०४: ऑडिओ-टेक्निकाचा एटी६००६आर आहे, नॉर्वेचा लिटल फ्वेंड आहे, आणि बिननावाचे बरेच. सगळ्यांचं तत्त्व एकच. प्लेअरच्या लाकडी बैठकीवर आर्मखाली एक छोटा खांब बसवायचा. आर्म आत येत येत त्याच्या नाजूक खिट्टीला टेकला की स्प्रिंग सुटते आणि खांब आर्मला वर उचलतो. वीज लागत नाही. मोटर मात्र फिरतच राहते, ती हाताने बंद करायची, आणि पुढच्या वेळी खांब दाबून परत खाली बसवायचा.

घेताना दोन मापं बघा. सुई तबकडीवर असताना बैठकीपासून आर्मच्या नळीच्या खालच्या कडेपर्यंतची उंची मोजा. दबलेल्या अवस्थेत लिफ्टर त्याहून २–३ मिमी बुटका असला पाहिजे. आणि उचललेल्या अवस्थेत आर्म झाकणाला लागता कामा नये.

कुलकर्णी, ए-३०१: जागा कुठे? बैठकीवर बरीच मोकळी जागा आहे.

दिघे, सी-१०१: इथे घाई करू नका, सगळी मेहनत जागेतच आहे. बारा इंची एलपीत आवाज जास्तीत जास्त सुमारे ६० मिमी त्रिज्येपर्यंत आत येऊ शकतो, आणि बंद चर ५३ मिमीच्या आसपास. म्हणजे सुईपाशी तुमच्याकडे ७ मिमीचीच जागा आहे. तेवढ्यात खिट्टी सुटली पाहिजे. आर्मच्या मध्यावर बघितलं तर तिथे आर्म निम्माच सरकतो, जागा उरते साडेतीन मिमी. बिजागरीच्या जवळ जाल तितकं जुळवणं किचकट, आणि उचलायला जोरही जास्त. सुईपाशी २ ग्रॅम भार असेल तर मध्यावर ४ ग्रॅम उचलावे लागतात.

उलट बाजूने, बिजागरीजवळ असला तर खिट्टीचा विरोध सुईपर्यंत कमी पोचतो आणि थोडं उचललं तरी सुई बरीच वर येते. आर्मचा मध्य बाजू संपताना थाळीवर (तबकडी ठेवायच्या फिरत्या चकतीवर) असतो, तिथे लिफ्टर बसत नाही; म्हणून मला बिजागरीच्या बाजूला, थाळीच्या काठाजवळ पण त्यापासून सुटं, असं ठिकाण बरं वाटतं. ज्या प्लेअरची थाळी आणि आर्म स्प्रिंगवर तरंगत्या फळीवर असतात, तिथे लिफ्टर त्या फळीवर ठेवायचा नाही, तोल बिघडतो. आपला तसा नाही.

तांबे, ए-५०४: तपासणीसाठी लांब बाजूची एलपी घ्या, जिच्यात आवाज लेबलच्या अगदी जवळ येतो. एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी असलेली आपल्या इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांची एलपी हॉलच्या कपाटात आहे, पण जुळवणी पक्की होईपर्यंत तिला हात नको, एखादी साधी जुनी घ्या. शेवटचं अर्धं मिनिट कान देऊन ऐका. खिट्टी टेकताना आवाज चिरकला किंवा सुई मागच्या चरात गेली तर खिट्टी कडक आहे, किंवा लिफ्टर लवकर लागतोय. एक-एक मिमी सरकवा.

देव, बी-१०२: ४५ च्या छोट्या तबकड्या पण लावतो ना आपण? जुनी भावगीतं.

तांबे, ए-५०४: बरं झालं काकू विचारलंत. सात इंचीत आवाज ५४ मिमी त्रिज्येपर्यंत जाऊ शकतो. एलपीसाठी बसवलेला लिफ्टर गाणं संपायच्या आधीच आर्म उचलेल. ४५ लावताना लिफ्टर बाजूला काढून ठेवा. परत त्याच जागी बसावा म्हणून बैठकीवर कागदी टेपने त्याच्या बुडाची खूण करून ठेवू.

वैद्य, बी-४०३: आता दुसरा प्रश्न. 'स' आणि 'श' फार चिरकतात, विशेषतः बाजूच्या शेवटी. सुई बदलायची वेळ झाली का?

दिघे, सी-१०१: आधी साफ करा, मग ठरवा. सुईच्या टोकाला तंतूंचा गोळा किंवा चरातल्या मळाचा कडक थर बसला की ती चराच्या भिंतींना नीट टेकत नाही. आतल्या चरांत वेग कमी, लहरी दाटीने बसलेल्या, म्हणून तिथे आधी कळतं. सराफ्यात दागिने तपासायचं १० पटींचं भिंग मिळतं, ते हॉलमध्ये असायलाच हवं. टोक लख्ख दिसतंय, सुईवरचा भार २ ग्रॅम आहे, तरी चिरकतंय, तर मग सुईचे तास मोजा.

सफाईची रीत: ॲम्प्लिफायरचा आवाज शून्य, थाळी बंद. कार्ट्रिजबरोबर आलेला मऊ ब्रश घ्या, मागून पुढे, म्हणजे आर्मच्या बिजागरीकडून तुमच्याकडे, फक्त एकाच दिशेने. तबकडीही सुईखालून त्याच दिशेने जाते, दांडीला ती ओढ सोसायची सवय आहे. पुढून मागे किंवा आडवा ब्रश मारला की दांडी वाकते, कधी मुळातून निघते. ब्रशच्या केसांना लोखंडी पट्टी नसावी. कार्ट्रिजमध्ये चुंबक आहे, तो पट्टी खेचतो आणि ती दांडीवर आदळते. हे प्रत्येक बाजूआधी करा. उन्हाळ्यात पंखे चालू, खिडक्या उघड्या, धूळ थांबत नाही.

करमरकर, ए-२०२: सॅनिटायझर चालेल? हॉलमध्ये बाटली आहेच.

दिघे, सी-१०१: अजिबात नाही. त्यात ग्लिसरीन असतं, ते टोकावर चिकट राहतं. आणि नुसतं अल्कोहोलही जपून. दांडीवरून मागे चढलं तर आतलं रबर आणि हिऱ्याचा गोंद दोन्ही खराब करतं. द्रव वापरायचाच तर सुईसाठीचा घ्या, ऑडिओ-टेक्निकाचा एटी६०७ए आहे. ब्रशच्या टोकाला एक थेंब, झटकून, फक्त हिऱ्यापुरता. महिन्यातून एकदा पुरे. माझ्या मते रोजचा कोरडा ब्रश त्या बाटलीपेक्षा जास्त काम करतो.

कुलकर्णी, ए-३०१: आणि ते जेलवाले? सुई त्यात टेकवायची असते ते.

तांबे, ए-५०४: ते चांगलं, आणि आपल्या हॉलसाठी तर सगळ्यात सुरक्षित, कारण हात लागतच नाही. थाळी बंद, डबी सुईखाली, लिव्हरने सोडा, उचला, दोन-तीन वेळा. मळाचा ठिपका जेलवर दिसतो. पण हे लिव्हर नीट झाल्यावरच, नाहीतर सुई जेलमध्येही धपकन पडेल. जेल मळलं की पाण्याने धुऊन हवेवर वाळवायचं, कापडाने पुसायचं नाही. भिंतीला पोस्टर चिकटवायचा गोळा वापरू नका, तो दांडीच उपटतो.

करमरकर, ए-२०२: मेलामाइनचा पांढरा स्पंज? बरेच लोक त्याची स्तुती करतात.

दिघे, सी-१०१: करमरकरसाहेब, काम करतो, पण तो मुळात बारीक घासकागदच आहे. लिव्हरने सरळ खाली टेकवून सरळ वर, एवढंच चालतं. ओढला तर दांडी तुटते. ज्या प्लेअरला दहा हात लागतात तिथे तो ठेवू नये.

देव, बी-१०२: आमच्याकडच्या ७८ च्या लाखेच्या तबकड्या हॉलला द्यायच्या आहेत. त्या लावता येतील?

दिघे, सी-१०१: काकू, या सुईने नको. एलपीची सुई सुमारे १८ मायक्रॉनची, ७८ ला साधारण ७० मायक्रॉनची लागते. बारीक सुई चराच्या तळाशी घासत जाते, खरखर जास्त आणि झीजही. आपल्या कार्ट्रिजच्या व्हीएम९५ मालिकेत ७८ ची सुई मिळते, बॉडी तीच राहते, फक्त पुढचा भाग बदलायचा. प्लेअरला ७८ चा वेग आहे का ते रविवारी बघू. आणि त्या तबकड्या पुसायला अल्कोहोल कधीही नको, लाख त्यात विरघळते. ऊर्ध्वपातित पाण्यात साध्या साबणाचा एक थेंब, लेबल कोरडं ठेवून.

वैद्य, बी-४०३: मग मागवते: ५ लाखांचं सिलिकॉन तेल, जेलची डबी, ०.०१ ग्रॅम दाखवणारा सुईचा वजनकाटा. भिंग करमरकरकाका सराफ्यातून आणतील का?

करमरकर, ए-२०२: आणतो. लिफ्टर?

तांबे, ए-५०४: रविवारी लिव्हर झाली की उंची मोजून सांगतो, मग मागवा. वजनकाटा मात्र चुंबकाला न चिकटणाऱ्या पत्र्याचा बघा वहिनी. पोलादी असला तर कार्ट्रिजचा चुंबक त्याला खेचतो आणि आकडा जास्त दाखवतो. मोजताना काट्याचा माथा तबकडीच्या उंचीला हवा, आणि अँटिस्केटिंग शून्यावर.