मदत हवी आहे: दक्षिण अमेरिकेच्या उठावाच्या नकाशात उंची किती पट धरावी?

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेसाठी 6 बाय 4 फुटी प्लायवर कागदाच्या लगद्याचा नकाशा चाललाय. आडवं प्रमाण 1 सेंमीला 50 किमी. उंची या प्रमाणाच्या 20 पट धरली तर अकोंकाग्वा शिखर (6,961 मी.) 28 मिमी, टिटिकाका सरोवर (3,812 मी.) 15 मिमी. पण ॲमेझॉनचं खोरं? समुद्रापासून सुमारे 1,500 किमी आतलं मनाउस शहरसुद्धा 100 मीटरच्या आत, म्हणजे 0.4 मिमीसुद्धा नाही. लगद्याचा एक थरच त्याहून जाड बसतो.

40 पट करून पाहिलं. अँडीजची पॅसिफिककडची बाजू भिंतीसारखी उभी झाली आणि वाळताना तडकली. आतून थर्माकोल भरल्यावर तडे थांबले. प्लास्टर नको, टेंपोतून न्यायचंय.

केचुआ, आयमारा, ग्वारानी भाषांचे पट्टे वरून रंगीत दोऱ्याने दाखवायचेत. आयमारा बोलणारे लोक किती उंच पठारावर राहतात ते मुलांच्या बोटांना कळलं पाहिजे, म्हणून उंची मनाने ठरवायची नाही.

1,000 मीटरपर्यंत 40 पट आणि त्यावर 20 पट धरलं तर ब्राझीलच्या पठाराचा 1,000 मीटरपर्यंतचा भाग जास्तीत जास्त 8 मिमी, अकोंकाग्वा 32 मिमी येतो. मात्र 1,000 मीटरच्या रेषेवर उतार मोडतो. असं दुहेरी प्रमाण कोणी वापरलंय का, आणि तो सांधा कोणत्या उंचीवर ठेवला?